पाण्याचा उतारा कसा काढायचा?

दिवाळीची सुट्टी संपली की पर्यावरण प्रकल्पाच्या वह्या घेऊन मुलं येऊ लागतात. बहुतेकांनी गावाजवळचं तळं निवडलेलं असतं आणि पहिल्या पानावर हमखास एक वाक्य असतं : तळं जलपर्णीने पूर्ण भरलेलं आहे, म्हणून त्याची उत्पादकता खूप जास्त आहे. मी विचारतो, ‘तुझ्या घरी कणगीत बारा पोती ज्वारी आहे, तर यंदा एकरी उतारा किती पडला?’ शेतकऱ्याचं पोर असेल तर लगेच हसतं. कणगीतली ज्वारी गेल्या सालची असू शकते, अर्धी विकून झालेली असू शकते, मामाने पाठवलेलीही असू शकते. साठा वेगळा, उतारा वेगळा.

पाण्याचं तसंच आहे. काठावरून दिसतो तो साठा. एका चौरस मीटरवर, एका दिवसात किंवा एका वर्षात, वनस्पतींनी उन्हाच्या जोरावर किती नवा सेंद्रिय पदार्थ तयार केला, हा उतारा. पुस्तकात त्याला प्राथमिक उत्पादकता म्हणतात. (उतारा म्हटल्यावर ज्यांना सातबारा आठवला, त्यांनी तलाठ्याकडे जायचं कारण नाही. हा उतारा काठावर बसूनच निघतो.) त्यातही दोन आकडे असतात. स्वयंपाक करणारी व्यक्ती स्वतःही जेवते. वनस्पतीही तयार केलेल्या अन्नातला बराचसा भाग स्वतःच्या श्वसनात खर्च करते. शिजवलं तेवढं सगळं मिळून स्थूल उत्पादकता, आणि वनस्पतीचं जेवण वजा जाता पंगतीला उरलं ती निव्वळ. मासे, गोगलगायी, बदकं, किडे ही सगळी पंगत त्या उरलेल्यावर.

हा लेख शिक्षकांसाठी आहे, शेततळ्यात मासे सोडणाऱ्यांसाठी आहे, आणि गावतळं ‘साफ’ करायला निघालेल्या मंडळांसाठी तर आहेच. साधनं साधी आहेत. बहुतेक घरातच सापडतात.

कुठलं पाणी किती पिकतं

रॉबर्ट व्हिटेकर आणि जीन लायकन्स या अमेरिकी शास्त्रज्ञांनी 1970 च्या दशकात जगभरच्या मोजमापांवरून एक तक्ता तयार केला. तो अजूनही पाठ्यपुस्तकांत छापतात. वर्षाला दर चौरस मीटरवर कोरड्या वजनात निव्वळ उत्पादन किती, ते त्यात दिलं आहे. सदाहरित पर्जन्यवन सुमारे 2200 ग्रॅम, दलदली आणि पाणथळ जागा सुमारे 2000 ग्रॅम, शेतजमीन सरासरी 650, आणि तळी-नद्या 250. म्हणजे ज्या चिखलाला आपण ‘पडीक’ म्हणून भराव घालतो, तो जंगलाच्या पंगतीला बसतो आणि शेताच्या तिप्पट पिकतो. तळ्या-नद्यांच्या सरासरीवर मात्र फार विसंबू नका. त्याच तक्त्यात त्यांचा पल्ला 100 ते 1500 असा दिला आहे, आणि तो पल्ला का पडतो हेच आपल्याला समजून घ्यायचं आहे.

पाणकणीस पाहा. रामबाण म्हणतात तेच. त्याचे पाय गाळात, कंबर पाण्यात आणि डोकं हवेत. खत गाळातून मिळतं, पाण्याची ददात नाही, ऊन थेट पानावर पडतं आणि कार्बन डायऑक्साइड वाऱ्याबरोबर फुकट येतो. पिकाला याहून काय हवं? पाण्याखाली बुडून राहणाऱ्या हायड्रिलासारख्या वनस्पतीची गत याच्या उलट. कार्बन डायऑक्साइड हवेत जितक्या वेगाने पसरतो त्याच्या सुमारे दहा हजारपट सावकाश तो पाण्यात पसरतो. पान पाण्यात गुदमरतं म्हटलं तरी चालेल. त्यात वरून येणारा उजेड अर्ध्यावरच अडतो. तरी हायड्रिला हार मानत नाही : कमी उजेडात भागवते, आणि कार्बन कमी पडला की उसा-मक्यासारखी युक्ती वापरते. म्हणून तर ती कालवे अडवते.

मग येतात डोळ्यांना न दिसणारे वनस्पतीप्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारी सूक्ष्म शैवालं. त्यांना खोड नाही, मूळ नाही, लाकूड नाही. तयार झालं की दोन-चार दिवसांत कुणीतरी खातं किंवा ते मरून खाली जातं. रोज खुडली जाणारी मेथी समजा. वाफ्यात कधीच ढीग दिसत नाही, पण हंगामाअखेर हिशेब केला तर बाजूच्या उभ्या झुडपापेक्षा जास्त निघतो. ‘पाणी नुसतं हिरवट आहे, झाडं कुठेच नाहीत’ अशा तळ्यातून माशांचं भरघोस उत्पन्न येतं ते यामुळे.

सह्याद्रीतला ओढा घ्या. दोन्ही काठांवर जांभूळ, करंज, उंबर. वर सावली, खाली खडक. असं पाणी स्वतः फारसं पिकत नाही. ते गळून पडणाऱ्या पानांवर जगतं. 1980 मध्ये रॉबिन व्हॅनोट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलेल्या नदी-सातत्याच्या कल्पनेचा गाभा हाच आहे : उगमाकडे नदी काठच्या जंगलाचं खाते, मध्ये रुंद होऊन ऊन मिळालं की स्वतः पिकू लागते, आणि पुढे गढूळ, खोल झाली की पुन्हा वरून वाहून आलेल्यावर गुजराण करते. ओढ्यात दगडावर पाय ठेवताच तुम्ही घसरलात ना? तो निसरडा तपकिरी थर म्हणजे डायटम नावाची शैवालं, आणि ओढ्याचं जे काही स्वतःचं पीक आहे ते बहुतेक तेवढंच. (धबधब्याखालच्या खडकाला शेवाळासारख्या चिकटून बसणाऱ्या आणि पाणी ओसरलं की एकाएकी फुलणाऱ्या सपुष्प वनस्पती पश्चिम घाटात आहेत. त्या एकदा मुद्दाम जाऊन पाहा. उताऱ्याशी त्यांचा फार संबंध नाही, पण पाहाव्यात अशा आहेत.)

मोठ्या धरणांत दोन टोकं दिसतात. कोयनेच्या शिवसागरासारखं जंगलाने वेढलेलं खोल पाणी : खत कमी येतं, आलेलं तळाशी जाऊन बसतं, आणि उजेड मात्र वरच्या थरातच. दुसरीकडे उजनी. मुळा-मुठा, पवना, इंद्रायणी यांचं सगळं भीमेतून तिथे उतरतं आणि त्याबरोबर पुणे-पिंपरीचं सांडपाणीही. उन्हाळ्यात ते पाणी हिरवंगार होतं ते कौतुकाने नव्हे. या दोहोंहून वेगळं नांदूर मधमेश्वर : गोदावरी-कादवेच्या संगमाजवळचा बंधारा, शंभराहून अधिक वर्षं गाळ साठून उथळ झालेला, पाणवनस्पतींनी भरलेला. इंजिनियरच्या नजरेने निकामी होत चाललेला हा जलाशय 2020 मध्ये राज्यातली पहिली रामसर पाणथळ जागा ठरला. गाळानेच त्याला पिकतं केलं.

थाळी

अँजेलो सेकी हे इटालियन धर्मगुरू आणि खगोलशास्त्रज्ञ. 1865 मध्ये पोपच्या जहाजावरून त्यांनी पांढऱ्या तबकड्या समुद्रात सोडून पाणी किती पारदर्शक आहे ते मोजलं. तीच सेकी तबकडी आजही जगभर वापरतात. तुम्हाला ती विकत आणायची गरज नाही. 20 सेंटिमीटर व्यासाची स्टीलची ताटली घ्या, चार चतकोर करून आलटून पालटून काळे-पांढरे रंगवा, मध्ये भोक पाडून बोल्ट बसवा, खाली पाव किलोचं वजन बांधा. नायलॉनच्या दोरीला दर 10 सेंटिमीटरवर गाठ मारा. सुती दोरी नको, भिजली की आखडते.

सकाळी दहा ते दुपारी दोनच्या दरम्यान, होडीच्या किंवा काठाच्या सावलीच्या बाजूने ताटली सोडा. दिसेनाशी झाली तिथे गाठी मोजा. थोडी आणखी सोडून वर ओढा, पुन्हा दिसली तिथे मोजा. दोहोंची सरासरी तुमची पारदर्शकता. काळा चष्मा काढून ठेवा, हे सांगायला नको, पण सांगतो.

त्या आकड्याला अडीचने गुणलं की उजेड साधारण कुठवर पोचतो ते कळतं. ताटली 80 सेंटिमीटरवर दिसेनाशी झाली तर वनस्पतींचं कामकाज सुमारे 2 मीटरपर्यंतच. त्याखाली फक्त खर्च, कमाई नाही. शेततळ्यात मासे असतील तर 25 ते 40 सेंटिमीटर पारदर्शकता चांगली. 20 च्या खाली गेली तर शेण आणि खत ताबडतोब थांबवा. 60 च्या वर असेल तर पाणी उपाशी आहे.

ताटली नसलेले अनुभवी मच्छीमार हात कोपरापर्यंत पाण्यात बुडवून तळवा वर करतात. तळवा स्पष्ट दिसला तर पाणी ‘पातळ’, अजिबात दिसला नाही तर ‘दाट’, अंधुक दिसला तर ठीक. अनेकदा मी त्यांच्या हाताशेजारी माझी ताटली धरून पाहिली आहे. फरक चार-पाच बोटांचा.

एक सावधगिरी. जुलै-ऑगस्टमध्ये ताटली 10 सेंटिमीटरवरच गडप होते, म्हणून पाणी फार पिकतंय असं समजू नका. तो गाळ आहे. काचेच्या ग्लासात पाणी भरून रात्रभर ठेवा. सकाळी तळाशी मातीचा थर आणि वर नितळ पाणी दिसलं तर गाळ. हिरवेपणा तसाच राहिला किंवा वर तवंग आला तर शैवाल. मातकट पाण्यात खत कितीही असो, उजेड नसेल तर पीक नाही. म्हणून महाराष्ट्रातल्या बहुतेक तळ्यांचा हंगाम पावसाळ्यात नव्हे, पाणी निवळल्यावर कार्तिकात सुरू होतो.

दोन बाटल्या

ही पद्धत नॉर्वेत गार्डर आणि ग्रान यांनी 1927 मध्ये मांडली. अजून यापेक्षा स्वस्त आणि समजायला सोपी दुसरी आलेली नाही. कल्पना अशी : वनस्पती अन्न तयार करताना ऑक्सिजन सोडते. तो मोजा, म्हणजे अन्नाचा अंदाज येतो. काचेच्या घट्ट बुचाच्या तीन बाटल्या एकाच पाण्याने भरा. पहिलीतला ऑक्सिजन लगेच मोजा. दुसरी बूच लावून पण काही न गुंडाळता ठेवा, ही प्रकाशातली. तिसरीला काळा कपडा गुंडाळून वर ॲल्युमिनियम फॉइल लावा, ही अंधारातली. दुसरी आणि तिसरी ज्या खोलीवरून पाणी घेतलं तिथेच बांबूला टांगून चार तास सोडा.

प्रकाशातल्या बाटलीत वनस्पती शिजवतेही आणि जेवतेही. अंधारातल्या बाटलीत फक्त जेवते. आणि तिच्याबरोबर जिवाणू आणि प्राणीप्लवकही जेवतात, हे लक्षात असू द्या. समजा सुरुवातीला लिटरमागे 6.4 मिलिग्रॅम ऑक्सिजन होता. चार तासांनी प्रकाशात 8.2 भरला, अंधारात 5.6. प्रकाशातून सुरुवात वजा केली : 1.8, हे निव्वळ. सुरुवातीतून अंधार वजा केला : 0.8, हा खर्च. दोन्ही मिळून 2.6, हे स्थूल. चाराने भागा, तासाला 0.65. ऑक्सिजनचा कार्बन करायला 0.375 ने गुणा आणि 1.2 ने भागा. उत्तर सुमारे 0.2 मिलिग्रॅम, म्हणजे हजार लिटर पाण्यामागे दर तासाला 200 मिलिग्रॅम कार्बन. याला 24 ने गुणणारा विद्यार्थी मला दरवर्षी भेटतो. बाबा रे, सूर्य रात्री नसतो. दिवसाचे तास घे, आणि स्थूलमधून वजा करायचा खर्च मात्र चोवीस तासांचा.

ऑक्सिजन मोजायची विंकलर पद्धत 1888 ची आहे, आणि अजूनही बारावीच्या प्रयोगशाळेत होऊ शकते. ती पाहण्यासारखीही आहे. 300 मिलिलिटरच्या बाटलीत पिपेटची टोकं पाण्याखाली धरून आधी मँगनस सल्फेट, मग अल्कधर्मी आयोडाइड, प्रत्येकी 2 मिलिलिटर सोडायचं आणि बूच लावून उलटसुलट करायची. आत तपकिरी ढग उठतो आणि हळूहळू खाली बसतो, चहाचा चोथा बसावा तसा. ऑक्सिजन जितका जास्त तितका रंग गडद. ढग पांढराच राहिला तर पाण्यात ऑक्सिजन जवळजवळ नाही. पुढे काही मोजायचीही गरज नाही, तळ्याने उत्तर दिलं. मग सल्फ्युरिक आम्ल घातलं की ढग विरघळून पाणी सोनेरी होतं. त्यातलं 200 मिलिलिटर घेऊन 0.025 नॉर्मल सोडियम थायोसल्फेट थेंबथेंब सोडायचं, गवती पिवळा रंग आला की स्टार्च घालायचा, निळा रंग येतो, तो जाईपर्यंत पुन्हा थेंब. जितके मिलिलिटर लागले, साधारण तितकेच मिलिग्रॅम ऑक्सिजन एका लिटरला.

मी पहिल्यांदा हे केलं तेव्हा अंधारातल्या बाटलीत प्रकाशातल्यापेक्षा जास्त ऑक्सिजन निघाला. अंधारात शिजवणारी वनस्पती सापडली, आता पेपर लिहायचा, असं अर्धा दिवस वाटत होतं. मग कळलं की बाटली भरताना मी ती नळाखाली धरावी तशी वरून भरली होती. आत बुडबुडे अडकले, आणि तेच मोजले गेले. बाटली पाण्यात बुडवून, नळी तळाला टेकवून, सावकाश, दोन-तीनदा ओसंडू देऊन भरायची. आणि बाटल्या वर काढल्यावर रसायनं काठावरच टाकायची. घरी नेऊन मोजू म्हणालात तर प्रवासात बाटलीतले जीव ऑक्सिजन खाऊन टाकतील.

रसायनांचा व्याप जमणार नसेल तर एक सोपी वाट आहे. मत्स्यपालकांच्या दुकानात मिळणारा रंगपट्टीचा संच किंवा मीटर घ्या, आणि एकाच जागी पहाटे साडेपाचला आणि दुपारी तीनला ऑक्सिजन आणि सामू मोजा. दोन वेळांमध्ये जेवढी तफावत, तेवढं पाणी पिकतं. पहाटे 3 आणि दुपारी 12 असा ऑक्सिजन आला तर पाणी प्रचंड पिकतंय आणि तेवढंच खर्चही करतंय. सामूही दुपारी चढतो, कारण वनस्पतींनी पाण्यातला कार्बन डायऑक्साइड शोषून घेतलेला असतो. तो 9 च्या वर गेला तर मत्स्यपालकाने सावध व्हावं. त्या सामूला पाण्यातला अमोनिया माशांना जास्त बाधतो.

वाहत्या पाण्यात बाटली टांगून फारसं हाती लागत नाही. हॉवर्ड ओडम यांनी फ्लोरिडातल्या सिल्व्हर स्प्रिंग्ज या झऱ्यावर 1950 च्या दशकात केलेला अभ्यास त्यासाठी प्रसिद्ध आहे : वाहत्या पाण्यातला ऑक्सिजन दिवसभर मोजून त्याच्या चढउतारावरून हिशेब. शाळेला याहून सोपं हवं असेल तर मंगळुरी कौलाचे तुकडे घ्या, ओढ्यात तळाशी ठेवून द्या, तीन-चार आठवड्यांनी काढा. 10 बाय 10 सेंटिमीटर भाग जुन्या टूथब्रशने खरवडून सुकवून वजन करा. दोन तुकडे सावलीत, दोन उन्हात ठेवायला विसरू नका. सगळी गंमत तिथेच आहे.

चौकट

मोठ्या पाणवनस्पतींसाठी पीव्हीसी पाइपची अर्धा मीटर बाय अर्धा मीटर चौकट करा. टोकं बंद केली की ती तरंगते. आतलं सगळं मुळासकट काढा, झटका, पाणी निथळू द्या, तोला. थोडा नमुना कडक उन्हात आणि मग ओव्हनमध्ये वजन स्थिर होईपर्यंत सुकवा. जलपर्णी हातात जड लागते, पण तिच्यात 94 टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं. एक किलो ओल्या जलपर्णीतून कोरडं निघतं ते साठ ग्रॅमच्या आसपास. ट्रॅक्टरच्या खेपा मोजून ‘इतके टन जैवभार’ असं लिहिणाऱ्यांनी हे आधी वाचावं.

पण एकदा तोलून झाला तो साठा. उताऱ्यासाठी दुसऱ्यांदा तोलावं लागतं. चौकटीला खाली जाळी लावा, आत 2 किलो जलपर्णी ठेवून दहा दिवसांनी पुन्हा तोला. 2.8 किलो भरली तर वाढ 800 ग्रॅम ओली, 48 ग्रॅम कोरडी. चौकट पाव चौरस मीटरची, म्हणून चौरस मीटरला 192 ग्रॅम, म्हणजे दिवसाला 19. सांडपाणी येणाऱ्या, ऊन लागणाऱ्या तळ्यात हा आकडा अशक्य नाही. आता तीच चौकट ठासून भरून ठेवा. वाढ मंदावते, खालची पानं कुजतात, जितकं नवं तितकंच मेलेलं. त्या वहीतल्या मुलाचं वाक्य इथे उलटं होतं : जलपर्णीने पूर्ण भरलेलं तळं हे अर्धं भरलेल्या तळ्यापेक्षा कमी वाढत असू शकतं.

मग करायचं काय

आकडे हातात आले की खरा प्रश्न विचारा : पिकतं ते जातं कुठे? जे खाल्लं जातं ते कामाचं. जे कुजतं ते रात्रीचा ऑक्सिजन घेऊन जातं. पहाटे मासे तोंड वर काढून हवा गिळताना दिसले तर तळं उपाशी नाही, अजीर्णाने बेजार आहे.

पाण्याच्या अजीर्णाचं मूळ बहुतेक वेळा फॉस्फरस. कॅनडात ओंटारियो प्रांतातल्या एका तळ्याचे डेव्हिड शिंडलर आणि सहकाऱ्यांनी 1973 मध्ये प्लास्टिकच्या पडद्याने दोन भाग केले. एका भागात कार्बन आणि नायट्रोजन टाकला, दुसऱ्यात तेच आणि शिवाय फॉस्फरस. फॉस्फरस पडलेला भाग हिरवागार झाला, दुसरा नितळ राहिला. वरून काढलेला फोटो इतका बोलका होता की साबणाच्या पावडरमधल्या फॉस्फेटविरुद्धचा वाद तिथेच बराचसा मिटला. हिशेबाने एक किलो फॉस्फरस सुमारे 500 किलो ओलं शैवाल उभं करू शकतो. म्हणून गावतळ्यात खर्च करायचाच असेल तर आधी गटाराचं तोंड दुसरीकडे वळवा, काठावरचं कपडे धुणं हलवा, निर्माल्याचा कलश ठेवा. पाणी उपसणारी यंत्रं त्यानंतर.

जलपर्णी काढलीत तर ती काठावर टाकू नका. तिथे कुजून तिचं खत पहिल्या पावसात परत तळ्यात जातं आणि पुढच्या वर्षी तुम्ही पुन्हा खोरी घेऊन हजर. लांब नेऊन कंपोस्ट करा, आणि फुलं येण्याआधी काढा. तिचं बी गाळात वर्षानुवर्षं टिकतं. जलपर्णी खाणारे निओकेटिना भुंगेरे 1980 च्या दशकात भारतात आणून सोडले. ते काम करतात, पण त्यांच्या गतीने. निवडणुकीच्या आधी तळं मोकळं करून देत नाहीत.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, सगळी झाडं उपटू नका. उथळ तळं दोन स्थितींत राहू शकतं : एक, पाण्याखालच्या झाडांचं आणि नितळ, दुसरी, प्लवकांचं आणि हिरव्या रशासारखं. पाण्याखालची झाडं खत धरून ठेवतात, गाळ उठू देत नाहीत, आणि शैवाल खाणाऱ्या प्राणीप्लवकांना आसरा देतात. ती काढली की मोकळं झालेलं खत शैवालाच्या हाती पडतं. ‘आम्ही इतकं स्वच्छ केलं, तरी पाणी हिरवं का झालं?’ याचं उत्तर ‘म्हणूनच’ असं आहे. बेशरम, जलपर्णी, गोंडाळ यांना हात घाला. कमळ, कुमुद, शिंगाडा आणि पाण्याखालची देशी झाडं काठालगत तळ्याच्या तिसऱ्या हिश्शापर्यंत राहू द्या. भंडारा-गोंदियाच्या जुन्या मालगुजारी तलावांत ढिवर गटांनी हेच केलं. आधी बेशरम खणून काढली, मग उन्हाळ्यात पाणी ओसरल्यावर तळ नांगरून देशी पाणवनस्पती लावल्या. कुठली वनस्पती कुठल्या माशाला लागते हे त्यांना कुठल्या तक्त्यात पाहावं लागलं नाही.

शेततळ्याचं गणित वेगळं. प्लास्टिकच्या अस्तरामुळे पाण्याला तळाच्या मातीतून काहीच मिळत नाही, म्हणून नवीन शेततळं पारदर्शक आणि उपाशी असतं. थोडं शेणखत आणि सुपर फॉस्फेट आठवड्याच्या अंतराने, ताटलीचा आकडा पाहत द्या. सलग दोन दिवस ढगाळ असतील तर काहीही टाकू नका. ऊन नाही, कमाई नाही, खर्च मात्र चालू.

याच प्लास्टिकवरून पाय घसरला तर पोहणाऱ्यालाही वर येता येत नाही. दरवर्षी बातम्या येतात. चारही बाजूंनी गाठी मारलेले दोर पाण्यापर्यंत सोडलेले नसतील, तर त्या तळ्यावर मोजायला जाऊ नका आणि मुलांना तर नेऊच नका. मोठ्या तळ्यात होडी असेल तर लाइफ जॅकेट, आणि कधीच एकट्याने नाही. पाण्यावर हिरवा रंग सांडल्यासारखी जाड साय दिसली तर ती नीलहरित शैवालाची असू शकते; त्यातली काही विषारी असतात. हात घालू नका, गुरांना पाजू नका. विंकलरच्या आयोडाइड द्रावणात बहुधा सोडियम अझाइड असतं, तेही विष. गॉगल, हातमोजे, आणि उरलेली रसायनं बाटलीत भरून परत, तळ्यात नाही.

वर्षातून तीनदा मोजलंत तरी पुष्कळ : पाणी निवळल्यावर कार्तिकात, कडाक्याच्या थंडीत पौष-माघात, आणि पाणी आटून खत घट्ट झाल्यावर वैशाखात. जागा तीच, वेळ तीच, बाटल्या त्याच. वहीत तारीख, वेळ, ढग किती, वारा कुठला, पाणी काठापासून किती खाली गेलं, आणि त्या दिवशी कुणी म्हशी धुतल्या का, हेही लिहा. आदल्या रात्री बाटल्या धुवून, बुचांवर नंबर घालून पिशवीत भरून ठेवा. सकाळी बाटल्यांशी खटपट करत बसलात तर पहिली एसटी जाते, आणि पहाटेचा ऑक्सिजन दुपारी मोजता येत नाही.